मृगजळाचा मुलूख

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, इगतपुरीच्या डोंगरांवर, मोसमी वाऱ्यांचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्याही पुढे जातो. तेच वारे सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरू लागले, की त्यांतील बाष्प झपाट्याने सरत जाते आणि येवला, नांदगाव या पूर्वेकडील तालुक्यांत पोहोचेपर्यंत त्या पावसाचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. डोंगराच्या आडोशामुळे पावसाला मुकलेल्या अशा पट्ट्याला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आणि एकाच जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, भातशेतीपासून बाजरीच्या कोरडवाहू शेतीपर्यंतचा सगळा पालट दिसावा, ही नाशिकची मोठी भौगोलिक श्रीमंती आहे. शहराच्या दक्षिण अंगाला मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले इंदिरानगर या दोन टोकांच्या अधेमधे येते. तेथील रहिवाशांची सुट्टीच्या दिवसाची पावले सहसा पश्चिमेकडे वळतात. त्र्यंबकचे धुके, भावलीचे धबधबे, इगतपुरीचे घाट ही नावे घरोघरी ठाऊक असतात, आणि पूर्वेकडचा रस्ता मात्र पैठणीच्या खरेदीसाठी येवल्याला किंवा पुढे वेरूळ-अजिंठ्याला जाण्यासाठीच वापरला जातो. त्या रस्त्याच्या शेवटी, येवल्याच्या ईशान्येला, ममदापूर आणि राजापूर या गावांच्या परिसरात ५४ चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला एक माळ आहे, ज्याला महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. आफ्रिकेच्या सफारीत माणूस जे पाहायला जातो, म्हणजे क्षितिजापर्यंत गवत, त्यात विखुरलेली काटेरी झाडे आणि त्या गवतावर चरणारे कुरंगांचे कळप, ते मूळ दृश्य नाशिककरांच्या स्वतःच्या जिल्ह्यात उभे आहे, हे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेचा असून त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ असा आहे, आणि तो ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूपासून फारसीच्या वाटेने मराठीत ‘सफर’ आला. त्यामुळे शब्दापुरते पाहिले तर सफारी मराठी माणसाला परकी नाही. सफारीची भूमी म्हणजे सॅव्हाना. सॅव्हाना म्हणजे जेथे जमिनीवर गवताचे अखंड आच्छादन असते आणि झाडे असली तरी ती इतकी विरळ असतात, की त्यांच्या शेंड्यांचे एकसंध छत तयार होत नाही व ऊन थेट गवतापर्यंत पोहोचते, असा प्रदेश. जंगल आणि सॅव्हाना यांतला फरक झाडांच्या संख्येपेक्षाही या उन्हाचा आहे, कारण उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सावलीत तग धरू शकत नाहीत. प्रखर ऊन आणि कमी पाणी असतानाही वेगाने अन्न तयार करण्याची एक खास प्रक्रिया त्यांच्या पात्यांत चालते, आणि छत मिटले की तिचा लाभ संपतो. शिवाय गवताचा वाढणारा कोंब शेंड्याला नसून बुडाशी, जमिनीला टेकून असतो, म्हणून जनावराने पाते खुडले किंवा वणव्याने ते जळाले तरी बूड शाबूत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा पाते फुटते. चराई, आग आणि दीर्घ कोरडा ऋतू यांच्याबरोबर उत्क्रांत झालेली ही वनस्पतिसृष्टी आहे, आणि या तिन्ही गोष्टी येवल्याच्या माळाने शतकानुशतके अनुभवल्या आहेत.

दख्खनच्या पठाराचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हे थर एकावर एक आडवे पसरल्यामुळे येथील डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यांसारखे झाले, आणि येवला-मनमाडच्या वाटेवरील अनकाई-टंकाईची जोडगोळी हे त्याचे नजरेत भरणारे उदाहरण आहे. खोलगट जागी खडकाची माती साचून काळी कसदार रानं झाली, तर उंचवट्यांवर वीत-दीड वीत मुरमाड थर तेवढा राहिला. त्या मुरमात पावसाचे पाणी फार काळ टिकत नाही, म्हणून मोठ्या झाडांची दाटी तेथे होत नाही. गवताला मात्र एवढी माती आणि चार महिन्यांची ओल पुरते. ममदापूरच्या माळावर पावसाळ्याच्या अखेरीस मारवेल आणि कुसळीसारखी गवते गुडघाभर उभी राहतात, त्यांच्यात पिवळ्या फुलांनी लगडलेला तरवड असतो, आणि मधून मधून हिवर, बाभूळ, बोर, हिंगणबेट अशी काटेरी झाडे एकेकटी दिसतात.

या यादीतील काही नावांकडे वाचकाने जरा थांबून पाहावे. बाभळीच्या शास्त्रीय नावात नाईल नदीचे आणि हिंगणबेटाच्या शास्त्रीय नावात इजिप्तचे नाव आहे, कारण ही दोन्ही झाडे सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यापासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत नैसर्गिकरीत्या आढळतात; येवल्याच्या बांधावरची बाभूळ आणि सुदानमधील बाभूळ एकाच जातीच्या आहेत. कुसळीचेही तसेच आहे. तिचे बी भाल्याच्या टोकासारखे अणकुचीदार असते, त्याच्या मागे उलटे रोम असतात आणि त्यामागे बोटाएवढी लांब, पीळ घातलेली काळपट शेपटी असते. हे बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला, तर शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि अख्खे बी जिवंत असल्यासारखे गरगर फिरते. सुकले की पुन्हा पीळ बसतो. रात्रीच्या दवाने उलगडत आणि दिवसाच्या उन्हाने आवळत हे बी मुरमाच्या फटीत स्वतःला स्क्रूसारखे रुतवून घेते, आणि उलट्या रोमांमुळे ते मागे येत नाही. माळावर फिरून आलेल्या माणसाच्या पायमोज्यांत कुसळे घुसतात ती याच यंत्रणेमुळे. मेंढपाळांना त्यांचा जाच ठाऊक असतो, कारण मेंढीच्या लोकरीतून ती कातडीपर्यंत पोहोचतात. हीच कुसळी आफ्रिकेच्या गवताळ मुलखातही उगवते.

प्राण्यांकडे वळण्यापूर्वी एक शब्दभेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बोलीत चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा या सर्वांना सरसकट हरीण म्हटले जाते, पण त्यांत दोन वेगळी कुळे आहेत. चितळ आणि सांबर यांच्या नरांची शिंगे फांद्या फुटलेली, भरीव असतात व ती दरवर्षी गळून नव्याने उगवतात. काळवीट, चिंकारा आणि नीलगाय यांची शिंगे बिनफांद्यांची, हाडाच्या गाभ्यावर टोपणासारखी बसलेली आणि आयुष्यभर टिकणारी असतात. या दुसऱ्या गटाला मराठी ग्रंथांत कुरंग म्हणतात, आणि तो गाय-शेळीच्याच कुळात मोडतो. आफ्रिका ही कुरंगांची सर्वांत समृद्ध भूमी आहे. केनिया-टांझानियाच्या माळांवरील थॉमसनचे गॅझेल किंवा दक्षिण आफ्रिकेचा स्प्रिंगबॉक हे ज्या उपकुळात मोडतात, त्याच उपकुळातील काळवीट हा भारतीय उपखंडाचा स्वतःचा प्राणी असून त्याच्या प्रजातीत तो आज एकटाच आहे.

काळविटाचा नर खांद्यापाशी सुमारे ८० सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण मोठ्या बोकडाएवढा भरतो. जन्मतः नर-मादी दोघेही पिवळसर तपकिरी असतात. नर वयात येऊ लागला की त्याची पाठ आणि बाजू गडद होत जातात, आणि कळपावर हक्क सांगणारा पूर्ण वाढीचा नर पावसाळ्यानंतर जवळजवळ काळा दिसतो, तर पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीची कडी शुभ्र राहतात. उन्हाळ्यात हाच रंग विटतो, म्हणून एप्रिलमध्ये आलेल्या पाहुण्याला ‘काळा’ वीट तपकिरीच दिसला तर नवल नाही. त्याची शिंगे मळसूत्रासारखी पिळदार, कड्याकड्यांची आणि दोन फुटांपर्यंत वाढणारी असतात. माद्यांना ती सहसा नसतात. वाऱ्याच्या दिशेने मान उंचावून, शिंगे पाठीवर टेकवून, कान बाजूला पाडून नर जेव्हा माद्यांभोवती ताठ पावलांनी फिरतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्याखालची काळी ग्रंथी उघडलेली दिसते. हीच ग्रंथी तो गवताच्या काड्यांवर आणि काट्यांच्या टोकांवर घासून आपल्या हद्दीला वासाची खूण करतो. त्याच्या हद्दीची दुसरी खूण पाहुण्याला सहज सापडते: तो ठरावीक जागी वारंवार लेंड्या टाकतो, आणि मोकळ्या मुरमावर त्यांचे परातीएवढे थर दिसू लागले, की त्या जागेचा धनी जवळपास आहे असे खुशाल समजावे. गुजरातमधील वेळावदरसारख्या ठिकाणी, जेथे काळविटांची संख्या मोठी आहे, तेथे अनेक नर एकमेकांना लागून छोट्या छोट्या हद्दी आखतात आणि माद्या त्या गर्दीत येऊन जोडीदार निवडतात. नरांच्या अशा मेळ्यावर प्राणिवर्तनशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे.

धोका जाणवला, की कळपातील एखादी मादी चारही पाय एकदम उचलून हवेत ताठ उसळी घेते, मग दुसरी, तिसरी, आणि बघता बघता सगळा कळप लाटेसारखा उसळू लागतो. त्यानंतरच खरी धाव सुरू होते आणि ती ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाते. लांडग्यापासून जीव वाचवायला एवढा वेग लागत नाही. हा वेग ज्याच्यामुळे घडला तो शिकारी म्हणजे चित्ता, आणि तो येथून नाहीसा झाला आहे. भारतातील चित्ता १९५२ मध्ये अधिकृतपणे नामशेष घोषित झाला, त्यापूर्वीच त्याची संख्या इतकी रोडावली होती, की शिकारीसाठी चित्ते पाळणाऱ्या संस्थानांना ते आफ्रिकेतून मागवावे लागत. त्यांत भावनगर होते तसे कोल्हापूरही होते. कोल्हापुरात या जनावरांना माणसाळवून शिकार शिकवणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. शिकारीची रीत अशी, की डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीवर बसवून माळावर नेला जाई; रोज दिसणाऱ्या बैलगाडीला काळवीट बुजत नसत, म्हणून गाडी कळपाच्या पुरेशी जवळ जाई, मग पट्टी काढली जाई, आणि जे काही घडायचे ते काही सेकंदांत घडून जाई. म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेचा चित्ता आणि दख्खनचा काळवीट मराठी मुलखाच्या माळांवर प्रत्यक्ष समोरासमोर आले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आणले गेले तेव्हा ही घटना अपूर्व म्हणून गाजली. आफ्रिकेतून चित्ता आणण्यापुरते पाहिले तर कोल्हापूरने ते फार आधी केले होते, हेतू मात्र अगदी उलटा होता.

एवढ्या जुन्या आणि विशेष भूप्रदेशाची लोकांच्या मनातली किंमत इतकी कमी का, याचे उत्तर महसुली कागदांत शोधावे लागते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पिकाखाली न येणाऱ्या जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. मोठ्या क्षेत्रांना ‘पडीक’ किंवा ‘पडीत’ हे शब्द आहेत. जी जमीन सारा देत नाही ती वाया गेलेली, हा हिशेब राज्यकर्त्याच्या दृष्टीने समजण्यासारखा होता, पण त्यातून निघालेला दुसरा निष्कर्ष अधिक घातक ठरला: जेथे झाडे विरळ आहेत तेथे पूर्वी दाट जंगल असले पाहिजे आणि माणसाने ते तोडले असले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्राच्या बाबतीत या समजुतीची तपासणी आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी अलीकडे एका वेगळ्या मार्गाने केली. त्यांनी जुने मराठी ग्रंथ, आख्याने आणि मौखिक परंपरा यांत उल्लेखलेल्या रानटी वनस्पतींची नोंद केली. सापडलेल्या ४४ वनस्पतींपैकी २७ या सॅव्हानाच्या खास निदर्शक निघाल्या, आणि हा पुरावा सुमारे साडेसातशे वर्षे मागे जातो. पंढरपूरच्या देवळात संत कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेले तरटीचे झाड ज्याने पाहिले आहे, त्याला हे चटकन पटेल, कारण तरटी हे कोरड्या, उघड्या माळाचेच काटेरी झाड आहे. विठ्ठलाच्या दाराशी भक्तीची खूण म्हणून जे झाड रुजले, ते घनदाट अरण्यातले नव्हते. संतसाहित्य आणि लोककथा यांकडे परिसराच्या इतिहासाचे दप्तर म्हणून पाहण्याची ही पद्धत मराठी अभ्यासकांनी आणखी पुढे न्यावी, इतकी ती आश्वासक आहे.

त्याहूनही मागे गेले, तर काळवीट हा एका भूमीचे लक्षण म्हणूनच ओळखला गेलेला दिसतो. संस्कृतात त्याला कृष्णसार म्हणतात, आणि हा मृग जेथे स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञकर्माला योग्य, अशी व्याख्या मनुस्मृतीत आहे. मुंजीत बटूला मृगाजिन देण्याच्या प्रथेतही तोच मृग आहे. मराठीत रोज वापरला जाणारा ‘मृगजळ’ हा शब्दही जंगलात सुचणारा नाही. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या मुरमालगतची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी उष्ण आणि विरळ होते, तिच्यातून जाताना आकाशाकडून येणारे किरण वाकून वर वळतात, आणि जमिनीवर आकाशाचा तुकडा पाण्यासारखा लवलवताना दिसतो. त्याला लांबच लांब, सपाट आणि उघडी जमीन लागते. एप्रिल-मे महिन्यांत ममदापूरच्या माळावर अकरा वाजल्यानंतर उभे राहिले, की काळविटांचे पाय त्या लवलवत्या पट्ट्यात विरघळतात आणि नुसती धडे तरंगत पुढे सरकताना दिसतात.

खरे पाणी हाच त्या महिन्यांतला मोठा प्रश्न असतो. चिंकारा चाऱ्यातील ओलीवर बरेच दिवस काढू शकतो, काळविटाला मात्र उन्हाळ्यात नियमित पाणी लागते. ओढे फेब्रुवारीतच आटतात, मग कळप वस्त्यांकडे आणि विहिरींकडे सरकतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडून काळवीट दगावल्याच्या बातम्या या तालुक्यातून जवळजवळ दर उन्हाळ्यात येतात, आणि गावकुत्र्यांच्या टोळ्यांनी फाडल्याच्याही. वनखाते कृत्रिम पाणवठे बांधून ते टँकरने भरते, आणि पाणवठ्याच्या काठावरील चिखलात उमटलेले दोन टोकदार पाकळ्यांचे खूर मोजून रात्रीत किती जनावरे येऊन गेली याचा अंदाज बांधता येतो. पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. पेरणीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत कोवळ्या मुगावर, मक्यावर, बाजरीवर कळप उतरतात, आणि ज्याने दुबार पेरणीचा खर्च आधीच सोसला आहे, त्या शेतकऱ्याला एका रात्रीत वाफेच्या वाफे खुडलेले दिसतात. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा, अर्ज आणि प्रतीक्षा यांत हंगाम निघून जातो. एवढे सोसूनही या पंचक्रोशीत काळवीट टिकून राहिला, याचे मोठे श्रेय गावकऱ्यांकडे जाते, आणि पाहुण्याने त्यांच्या बांधावरून चालताना ते ध्यानात ठेवावे.

संवर्धन राखीव क्षेत्र ही कायदेशीर संज्ञा याच वास्तवातून आलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हेच मुख्य प्रकार होते, आणि दोन्हींत स्थानिकांच्या वापरावर कडक बंधने येत. २००२ च्या दुरुस्तीने शासकीय मालकीच्या जमिनींसाठी तिसरा मार्ग दिला: स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून क्षेत्र घोषित करायचे, आतील रहिवाशांचे हक्क अबाधित ठेवायचे, आणि व्यवस्थापनाच्या सल्ल्यासाठी अशी समिती नेमायची, जिच्यात वनखात्याबरोबर संबंधित ग्रामपंचायतींचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे तिघे आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचे लोक असतात. नाशिक जिल्ह्याला हा मार्ग नवा नव्हता. दिंडोरी तालुक्यात रामशेजजवळच्या बोरगडाला २००८ मध्ये राज्यातील पहिल्या संवर्धन राखीव क्षेत्राचा मान मिळाला होता.

माणसे आणि कुरंग एकाच माळावर नांदण्याचे आफ्रिकेतील उदाहरण पाहायचे असेल, तर जगभरच्या गाड्यांनी गजबजलेल्या सेरेंगेटीपेक्षा पश्चिम झाम्बियातील लिउवा मैदान अधिक बोधक आहे. साडेतीन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपासचा हा गवताळ प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोझी लोकांचा राजा लेवानिका याने राखीव केला आणि त्याची राखण तेथील रहिवाशांवर सोपवली. १९७२ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला, तरी आत आजही हजारो लोक राहतात, मासेमारी करतात, गुरे राखतात. विल्डबीस्ट नावाच्या दाढीवाल्या, गायीच्या तोंडवळ्याच्या कुरंगांचे आफ्रिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे स्थलांतर येथे घडते. बेसुमार शिकारीने एकेकाळी या मैदानावर एकच सिंहीण उरली होती. ती वर्षानुवर्षे एकटी राहिली, माणसांच्या तळाजवळ येऊन बसू लागली, आणि पुढे बाहेरून सिंह आणून सोडल्यावर तेथे पुन्हा कळप उभा राहिला. २०१७ मध्ये ती मरण पावली. लिउवाला जाणारे पर्यटक आजही थोडेच असतात, आणि त्यामुळे तेथे जाणाऱ्याला प्राण्यांइतकेच रिकाम्या अवकाशाचे दर्शन घडते.

अशा अवकाशाला महाराष्ट्रात सर्वांत मोठा धोका सद्हेतूने केलेल्या वृक्षलागवडीचा आहे, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. माळ दिसला की खड्डे घ्यावेत, समतल चर खोदावेत आणि गिरीपुष्प किंवा सुबाभूळ लावावी, ही कार्यक्रमांची घडी अनेक वर्षे बसलेली आहे; त्यातील दोन्ही झाडे मूळची मध्य अमेरिकेकडची आहेत. काळवीट जगतो तो नजरेवर आणि वेगावर. ओळीने लावलेल्या झुडपांत त्याला दूरचे दिसत नाही, चरांवरून पूर्ण वेगाने धावता येत नाही, आणि पाने दाटून सावली वाढली की त्याचे गवतही जाते. शिवाय गवत कार्बन साठवते ते मुख्यतः मुळांत, जमिनीखाली, जेथे वणवा पोहोचत नाही. त्यामुळे माळाची हवामानाच्या दृष्टीने असलेली उपयुक्तता वर उभ्या असलेल्या काष्ठावरून मोजणे चुकीचे आहे. परदेशातून आलेली वेडी बाभूळ उपटणे, देशी गवतांचे बी राखणे, धनगरांच्या मेंढ्यांची चराई ऋतूनुसार फिरवत ठेवणे ही माळाची खरी सेवा होय, जरी त्या कामाचे छायाचित्र रोप लावण्याइतके देखणे येत नसले तरी.

इंदिरानगराहून निघणाऱ्याने ही सफर पहाटेच सुरू करावी. द्वारकेवरून संभाजीनगर रस्त्याला लागले, की चांदोरीजवळ गोदावरीचे सुपीक खोरे भेटते. द्राक्षबागा, ऊस आणि कांद्याची रोपे दोन्ही अंगांना असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यातील नीचांकांत गणला जात असल्याने गरम कपडे जवळ असलेले बरे. निफाडच्या दक्षिणेला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामुळे नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय तयार झाला, गाळ साचून त्यात बेटे आणि दलदली झाल्या, आणि १९८६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २०१९ मध्ये या जागेचे १,४३७ हेक्टर क्षेत्र नोंदले गेले, आणि असा मान मिळालेली ती महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली. येथील नोंदींत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक बोटभर, अत्यंत संकटग्रस्त मासाही आहे; इंदिरानगराच्या शेजारच्या देवळालीचे नाव जगाच्या मत्स्यशास्त्रात या जिवामुळे गेले, हे स्थानिकांना क्वचितच ठाऊक असते. हिवाळी पाणपक्ष्यांवर स्वतंत्र प्रकरण होईल, म्हणून येथे त्यांचा विस्तार केलेला नाही; तेथील मृगव्याधेश्वराच्या देवळाचा उल्लेख मात्र राहू नये. पंचवटीतून सोन्याच्या हरणामागे निघालेल्या रामाने त्या मायामृगाचा वेध या परिसरात घेतला, अशी लोकश्रद्धा आहे. पंचवटीकडून पूर्वेला, खोऱ्यातून माळांच्या दिशेने: कथेतील हरीण ज्या बाजूला पळाले, तीच बाजू आजही काळविटांची आहे.

विंचूर ओलांडून येवला गाठेपर्यंत साधारण ८५ किलोमीटर होतात. येवल्याला तात्या टोप्यांचे जन्मगाव म्हणून आणि १९३५ मधील डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतर-घोषणेची भूमी म्हणून जे महत्त्व आहे, त्यासाठी मुक्तिभूमी स्मारकावर थांबणे योग्यच. मात्र उन्हे चढण्याआधी माळावर पोहोचायचे असेल तर तो थांबा परतीच्या वाटेवर ठेवावा. येवल्याच्या पुढे हिरवळ संपते, जमीन हलकेच वर चढते आणि वाऱ्याला अडवणारे काही उरत नाही. उघड्या जीपच्या रांगा, सिंह दाखवण्याची हमी यांतले येथे काही नाही. गाडी रस्त्यावर थांबवून इंजिन बंद करावे, दुर्बीण काढावी, आणि निदान पंधरा मिनिटे काहीही शोधू नये. पहिल्या नजरेला रिकामा वाटलेला माळ मग हळूहळू भरू लागतो. तपकिरी दगड वाटलेली गोष्ट मान उचलते. तारेवर लालबुंद डोळ्यांची कापशी घार बसलेली असते, तीही आफ्रिकेत आणि येथे एकाच जातीची. खडकाच्या उबेत खोकड, म्हणजे काळ्या शेपूटटोकाचा छोटा देशी कोल्हा, अंग शेकत असतो. लांडगा आणि तरस यांचाही या माळांवर वावर आहे, पण ते दिसणे नशिबाचा भाग आहे. धनगरांशी दोन शब्द बोलले तर या जनावरांचा माग लवकर कळतो, कारण मेंढ्यांच्या वाड्याभोवती रात्री कोण फिरून गेले याची खबर त्यांना सर्वांत आधी लागते.

पाऊस ओसरल्यानंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर हा गवताचा काळ, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा थंडीचा काळ स्थलांतरित शिकारी पक्ष्यांचा. या दिवसांत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या गटातले शिकारी पक्षी दख्खनच्या माळांवर उतरतात आणि जमिनीला लागून, पंख किंचित उचलून, टोळ आणि उंदीर हेरत तरंगतात. माँटेग्यूच्या भोवत्याचे पश्चिमेकडचे, युरोपातले पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात जातात आणि पूर्वेकडचे भारतात येतात. एकाच जातीच्या पक्ष्यांनी हिवाळ्यासाठी निवडलेले हे दोन मुलूख नकाशावर हजारो किलोमीटर दूर असले, तरी उंचावरून पाहणाऱ्या पक्ष्याला दोन्हींत गवतच दिसते. सायंकाळी हे भोवत्ये झाडावर न जाता गवतातच, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, जमिनीवर रात्र काढतात.

गवतात शिरू नये असे जे वनरक्षक सांगतात त्याचे एक कारण हे पक्षी आहेत. दुसरे कारण आणखी नाजूक आहे. काळविटाची मादी सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिलू देते आणि पहिले काही दिवस त्याला कळपात न नेता गवतात दडवून ठेवते. ती दूर चरत राहते, मधून मधून येऊन पाजते आणि पुन्हा निघून जाते. त्या काळात पिलाचे एकमेव संरक्षण म्हणजे न हलणे. माणूस दोन हातांवर आला तरी ते मान जमिनीला चिकटवून, कान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून पडून राहते, आणि वाळल्या मारवेलीच्या रंगात त्याचा रंग असा मिसळलेला असतो, की पाय पडेपर्यंत ते दिसत नाही. एकटे पडलेले पाहून दयेने कोणी ते उचलले, तर परतलेल्या आईला जागा रिकामी सापडते. म्हणून ममदापूरला चालायचे ते बैलगाडीच्या चाकोरीतून, आणि बसायचे ते बांधावर.